जात्यावरच्या दोघी

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी चर्चमधल्या उपासनेतलं बायबलचं दुसरं वाचन माझ्याकडे आलं, की मी ते आधीचा आठवडाभर घरात मोठ्यानं वाचते. वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातल्या पहिल्या, म्हणजे अ-वर्षात हे वाचन रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातलं असतं. संत पौल सांगतो, झोपेतून उठायची वेळ झाली आहे, रात्र सरत आली आहे. जेमतेम चार वचनं. यांतली शेवटची दोन वाचून ३८६ साली मिलानमधल्या एका बागेत पुढे संत झालेल्या ऑगस्टीनचं आयुष्य पालटलं, आणि पुढच्या ईस्टरला तिथले बिशप संत अँब्रोज यांनी त्याला बाप्तिस्मा दिला. वाचायला उभी राहते तेव्हा हे माझ्या मनात असतं. समोर बसलेल्यांपैकी कुणासाठी आज हीच ओळ असेल, हे मला कसं कळणार? म्हणून मी शब्द खात नाही, घाई करत नाही.

पण मला खरं अडवतं ते त्याच दिवसाचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाविषयीचं वाचन, मत्तय २४. जलप्रलयातून वाचलेल्या नोहाच्या काळातली माणसं काय करत होती? खात होती, पीत होती, लग्नं करत होती, मुलींची लग्नं लावून देत होती. उत्पत्तीच्या पुस्तकात त्या पिढीच्या दुष्टपणाबद्दल स्पष्ट लिहिलं आहे, येशू मात्र इथं त्याचा उच्चारही करत नाही. जी कामं आपण सगळेच करतो तेवढीच तो मोजतो आणि म्हणतो, जलप्रलय येईपर्यंत त्यांना काही कळलंच नाही. मग शेतातले दोघं येतात, आणि जात्यावर दळणाऱ्या दोघी. प्रभू पुन्हा येतो तेव्हा एकीला घेतलं जातं, दुसरीला ठेवलं जातं. बाहेरून बघणाऱ्याला दोघींत काय फरक दिसणार? जातं तेच, दाणे तेच, हातही सारखेच फिरतायत.

या दोघींमुळेच मला येशू सांगतो ते जागृत राहणं म्हणजे काय ते थोडंफार उमगलं. लूकच्या एकविसाव्या अध्यायात येशू मन जड करणाऱ्या गोष्टी सांगतो, तेव्हा दारूबाजीच्या पंक्तीला संसाराच्या चिंताही बसवतो. दारूचं आपल्याला चटकन पटतं. चिंतेला मात्र आपण जबाबदारी म्हणतो, आणि नाताळच्या तयारीची चिंता तर पुण्याईतच धरतो. चार आठवडे त्या तयारीत धावायचं आणि जो येणार त्याच्यासाठी पाच मिनिटं नाहीत, ही माझ्या मते झोपच आहे, डोळे उघडे ठेवून घेतलेली.

माझी आई अंथरुणाला खिळलेली आहे. रात्री तिची कूस बदलून द्यावी लागते. हे काम हातांना इतकं सवयीचं झालं आहे, की डोक्यात उद्याच्या कामांची यादी चालू ठेवूनही ते नीट होतं. आगमनकाळात मी एवढंच ठरवते, की त्या वेळी यादी बंद. तिच्या खांद्याखाली हात घालायचा आणि तिच्याकडे बघायचं. कधी ती काही बोलते, बहुतेकदा नाहीच. संत बर्नार्ड ख्रिस्ताची तीन आगमनं सांगतात: पहिलं देहधारणेचं, म्हणजे माणूस होऊन जन्मण्याचं, शेवटचं गौरवाचं आणि या दोहोंमधलं एक गुप्त, आत्म्यात घडणारं. हे मधलं आगमन कुठं घडतं असं कुणी मला विचारलं, तर मी आईच्या खाटेकडे बोट दाखवीन.

चर्चमध्येही या दिवसांत काहीतरी राखून ठेवलेलं असतं. रविवारी ग्लोरिया, म्हणजे येशूच्या जन्माच्या रात्रीच्या देवदूतांच्या शब्दांनी सुरू होणारं स्तुतिगीत, गात नाहीत, आलेलुया हा आनंदाचा घोष मात्र राहतो. म्हणजे हा ईस्टरआधीच्या, आलेलुयाही नसलेल्या उपवासकाळासारखा शोकाचा काळ नव्हे. ती रिकामी जागा मला फार आवडते. देवदूतांचं गीत त्यांच्या रात्रीसाठी ठेवलेलं आहे, आणि म्हणूनच पहिल्या आठवड्यापासून नाताळची गाणी सुरू करणं मला पटत नाही. वाट न बघता मिळालेल्या गोष्टीचं स्वागत कसलं करायचं?

१७ डिसेंबरपासून रोख बदलतो. तोवर वाचनांची नजर प्रभूच्या पुन्हा येण्यावर आणि येशूची वाट तयार करणाऱ्या योहान बाप्तिस्त्याच्या हाकेवर असते, तिथून पुढं ती थेट बेथलेहेमकडे वळते. त्या दिवशीचं शुभवर्तमान म्हणजे मत्तयनं दिलेली येशूची वंशावळ. अनेकांना ती कंटाळवाणी वाटते. मी ती आईला वाचून दाखवते, एकही नाव न गाळता. तीतल्या तामार, राहाब, रूथ या स्त्रियांच्या कथा तिला तोंडपाठ आहेत. पण बाबेलच्या बंदिवासानंतर अज्जूर, सादोक, एलीहूद अशी नावं येतात, ज्यांच्याविषयी शास्त्रात दुसरं काहीच सापडत नाही. या माणसांनी मुलं वाढवली, शेतं केली असतील, म्हातारी झाली असतील, आणि आपल्या वंशात कोण येणार आहे हे त्यांना कधी दिसलं नाही. यंदा तुम्हीही ही वंशावळ घरात कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा, आणि या नावांपाशी थोडं थांबा.