लिमग्रेव्हचा पहिला फेरा: सोनेरी रेषेमागे लगेच धावू नका

लिमग्रेव्ह हा एल्डन रिंग या गेममधला सुरुवातीचा प्रदेश. इथे ग्रेसपाशी (विश्रांतीच्या जागी) बसलं की तिथून एक सोनेरी रेष निघते आणि पुढची दिशा दाखवते. नवखा माणूस साहजिकच तिच्या मागे जातो. फर्स्ट स्टेप, एलेहचं चर्च, गेटफ्रंट, मग स्टॉर्महिलची चढण, आणि थेट स्टॉर्मव्हेल किल्ल्याची वाट अडवणाऱ्या मार्गिट या बॉसच्या (मोठ्या शत्रूच्या) पुढ्यात. हातात सुरुवातीचंच शस्त्र, चार फ्लास्क (औषधाचे घोट), लेव्हल जेमतेम दहा-बारा. त्या दारात मार खाऊन गेम बंद करणाऱ्यांचा काही दोष नाही. रेष कथेची दिशा दाखवते, तुमची तयारी झाली का हे सांगत नाही. म्हणून आधी दक्षिण फिरा, मग किल्ला.

लॉक-ऑन (शत्रूवर नजर खिळवणं), रोल (लोळण घेऊन वार चुकवणं), ढाल एवढं येतं असं धरून पुढचं लिहिलंय. येत नसेल तर अगदी सुरुवातीला खड्ड्याच्या कडेला खुर्चीत भूत बसलेलं दिसतं, तिथे खाली उडी मारा. जीव जात नाही. खाली शिकण्याची गुहा आहे आणि ती पुष्कळांची निसटते.

पात्राचा वर्ग निवडताना व्हॅगाबाँड किंवा सामुराई घ्या. रेच घेऊ नका: लेव्हल एक, हातात सोटा, अंगावर कपडा नाही. पहिल्या फेऱ्यासाठी तो नाहीच. आणि ओझ्याकडे लक्ष ठेवा. उचललेलं वजन क्षमतेच्या ७० टक्क्यांवर गेलं की रोल जड होतो, आणि जड रोलवर इथला कुठलाही बॉस निभत नाही. चिलखत सुंदर दिसतंय म्हणून चढवू नका.

फर्स्ट स्टेपच्या बाहेरच सोनेरी घोडेस्वार रस्त्यावर गस्त घालतो, ट्री सेंटिनेल. त्याच्याशी आत्ता लढायचं नाही. रस्ता सोडा, झाडांच्या आडून वाकून जा. एलेहच्या चर्चमध्ये काले नावाचा व्यापारी बसतो. त्याच्याकडून वस्तू बनवायचं क्राफ्टिंग किट (३०० रून्स; रून्स हे इथलं चलन, लेव्हलही त्यांनीच वाढते) आणि मशाल (२०० रून्स) घ्या, दोन्ही वाजवी आहेत. तिथल्याच ऐरणीवर शस्त्र सुधारून +३ पर्यंत नेता येतं.

गेटफ्रंटला तीन कामं. रस्त्यावरच्या दगडी खांबापाशी नकाशाचा तुकडा आहे. (नकाशा कोरा असतानाही त्यावर खांबाचं बारीक चिन्ह दिसतं, पुढच्या प्रत्येक प्रदेशात आधी तेच शोधा.) पडक्या घरांखालच्या तळघरात पेटीत व्हेटस्टोन नाइफ आहे, त्याशिवाय शस्त्रांची कौशल्यं बदलता येत नाहीत. आणि ग्रेसपाशी बसलं की मेलिना येऊन टॉरेंट घोडा देते. घोडा मिळाला की एकदा एलेहला परत जा. तिथे रेना नावाची चेटकीण भेटते आणि घंटा व ती वाजवून लढाईत मदतीला बोलवता येणारे तीन लांडगे देते. ही भेट चुकली तर तीच घंटा पुढे राउंडटेबल या मुक्कामाच्या जागी १००० रून्स मोजून घ्यावी लागते. लांडगे बोलवायला ५५ एफपी (जादूची शक्ती) लागतात, म्हणून ती भरणारा एक तरी निळा फ्लास्क ठेवा.

आता अघील तळं. सगळ्या फेऱ्यात हा एकच टप्पा असा आहे की आधी कोणी सांगितलं नाही तर पूर्ण संध्याकाळ वाया जाते. तळ्याच्या मधोमध गेलात की वरून ड्रॅगन उतरतो, ते निदान डोळ्यांना दिसतं. खरा घात शेजारच्या पडक्या अवशेषांत आहे, ड्रॅगन-बर्न्ट रुइन्स. तिथे खाली तळघर आणि तळघरात एक पेटी. बाहेर जमिनीवर इतर खेळाडूंनी ‘पुढे खजिना’ अशा अर्थाचे मेसेज लिहून ठेवलेले असतात. ते वाचून पेटी उघडली की धूर येतो आणि तुम्ही केलिड या कितीतरी अवघड प्रदेशात, सेलियाच्या स्फटिकांच्या खाणीत जाऊन पडता. लिमग्रेव्हच्या माणसाचं तिथे काहीच चालत नाही. आतून फास्ट ट्रॅव्हल होत नाही आणि घोडाही येत नाही. झिंग्यासारखे मोठाले किडे दुरून धाग्यांचा मारा करतात. ते धागे हवेत वळून मागे येतात, त्यामुळे सरळ रेषेत पळालात की पाठीत बसतात.

तिथे अडकलात तर असं करा. लढू नका, एकालाही मारायचा मोह नको. वाकूनच चाला. किड्याने पाहिलं तर खांब किंवा भिंत मध्ये घ्या, धागे त्यावर आपटू द्या आणि मगच पुढचा आडोसा गाठा. वाटेत दिसणाऱ्या वस्तू उचलायला वळू नका. खोल बाजूला तर अजिबात जाऊ नका, तिथे फॉलिंगस्टार बीस्ट हा बॉस बसलाय. खाणीच्या तोंडातून उघड्यावर पाऊल पडलं की त्याच क्षणी नकाशा उघडा आणि गेटफ्रंटवर टॅप करा. बाहेरची लाल दलदल बघत उभे राहिलात तर स्कार्लेट रॉट हा सडवणारा रोग चढतो आणि फ्लास्क संपेपर्यंत रक्त उतरत राहतं. गाठीला रून्स असतील तर तळ्याकडे निघण्यापूर्वीच लेव्हलवर खर्च करून टाका. खाणीत मेलात तर ते तिथेच सांडतात, आणि उचलण्याआधी पुन्हा मेलात तर कायमचे गेले.

साधा नियम: लिमग्रेव्हमध्ये त्या तळघरातली पेटी सोडून द्या. दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलातल्या टॉवर ऑफ रिटर्नमधली पेटीही अशीच आहे, ती पार राजधानीच्या पुलावर नेऊन टाकते. कड्यावर ‘उडी मारा’ असं लिहिलेलं दिसलं तर आधी रेनबो स्टोन (खुणेचा चमकता दगड) खाली टाका. दगड फुटला तर तुम्हीही फुटाल.

तळ्याच्या उत्तर अंगाला लिमग्रेव्ह टनेल्स ही खाण आहे. तिथे मशाल लागते. भिंतीतले स्मिथिंग स्टोन (शस्त्र सुधारायचे दगड) काढत जा. +१ ला २, +२ ला ४, +३ ला ६, म्हणजे एका शस्त्राला एकूण १२ दगड. ते एकाच शस्त्रावर घाला. दोन तलवारींत वाटलेत तर दोन्ही बोथटच राहतात.

पूर्वेला थर्ड चर्च ऑफ मारिकामधून सेक्रेड टिअर (फ्लास्कचा गुण वाढवतो) आणि फिजिक फ्लास्क (मिश्रणाची वेगळी बाटली) उचला. मग ब्रिज ऑफ सॅक्रिफाइसवरून घोडा न थांबवता दक्षिणेत उतरा, पुलावर बॅलिस्टा (मोठे बाण सोडणारं यंत्र) आहे. पेनिन्सुलात तीन चर्च आणि तीन सेक्रेड टिअर: पिलग्रिमेज, कालू बॅप्टिस्मल आणि फोर्थ चर्च ऑफ मारिका. बाकी तिथे निवांत फिरा, सांगण्यासारखं अवघड काही नाही. मिळालेल्या लेव्हल व्हिगरमध्ये (जीव वाढवणाऱ्या गुणात) घाला, निदान २० होईपर्यंत. नवखे सगळं स्ट्रेंग्थमध्ये ओततात आणि दोन फटक्यांत आडवे होतात.

वाटेत मर्कवॉटर गुहेत पॅचेस नावाचा लबाड भेटतो. त्याचा जीव अर्ध्यावर आला की तो शरण येतो, तेव्हा हात आवरा, पुढे तो दुकान मांडतो. तो मार्गिटला जखडणारी बेडी ५००० रून्सना विकतो. घेऊ नका. ती लढाईच्या पहिल्या टप्प्यात दोनदाच चालते, आणि लेव्हल अठराच्या आसपास त्याच पैशांत जवळजवळ दोन लेव्हल येतात. व्हिगरच्या दोन लेव्हल आयुष्यभर पुरतात.

आता किल्ला. लेव्हल २०-२५, शस्त्र +३, टिअर आणि गोल्डन सीड (फ्लास्कची संख्या वाढवतं) लावलेले फ्लास्क. मार्गिटच्या धुक्याच्या दाराबाहेर रॉजियर या योद्ध्याला मदतीला बोलवायची सोनेरी खूण असते, त्याला सोबत घ्या, आत शिरताच लांडगेही सोडा. मार्गिट काठी उगारून मुद्दाम थांबतो. हात वर गेला की रोल मारू नका, खाली यायला लागला की मारा. तुम्ही फ्लास्क तोंडाला लावलात की तो लगेच सुरा फेकतो, म्हणून त्याचा लांबलचक वार संपल्यावरच प्या. एवढी तयारी असेल तर चार-पाच प्रयत्नांत तो पडतो, आणि पडला की जो आनंद होतो तो पूर्ण फेऱ्याचा शीण घालवतो.

आत गेल्यावर गॉस्टॉक नावाचा दारवान बाजूची वाट सुचवतो. ती वाट घ्या, समोरच्या फाटकात बॅलिस्टांची रांग लावलेली आहे. सल्ला चांगला देतो, पण या किल्ल्यात तुम्ही मेलात की सांडलेल्या रून्सपैकी काही भाग हाच माणूस लंपास करतो. म्हणून स्टॉर्मव्हेलमध्ये नवीन दार उघडण्यापूर्वी प्रत्येक वेळी मागच्या ग्रेसवर जा आणि हातातले रून्स लेव्हलमध्ये घालून या.