कावळा न शिवलेला माणूस : स्पॉन परत वाचताना

रामबागेत आमचा जुना वाडा होता, त्याच्या मागे पिंपळ, आणि आज्जी अगदी ठामपणे सांगायची की त्या पिंपळावर समंध राहतो. आता समंध म्हणजे भूतच, पण आज्जीच्या हिशेबात तो वाईट नव्हता, ज्याचं काहीतरी मागे राहून गेलंय, जीव कशात तरी अडकलाय, असा माणूस. दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा सगळे कसे गप्प होतात बघा, आणि मग कोणीतरी हात जोडून म्हणतं, मुलीचं आम्ही बघू, तुम्ही काळजी करू नका. लहानपणी मी हे दोनदा पाहिलंय, एकदा तर तासभर कावळा आलाच नव्हता. स्पॉन हे अमेरिकन कॉमिक वाचताना मला सारखं तेच आठवतं.

९८ साली मावसभाऊ अमेरिकेहून आला तेव्हा त्याच्या बॅगेत याचे तीन अंक होते. आम्ही खजूरी बाजाराजवळच्या एका दुकानातून नागराज आणि डोगाची हिंदी कॉमिक्स किरायानं आणून वाचणारी पोरं, आमच्यासाठी तो लाल झगा, त्या साखळ्या, ते हिरवे डोळे म्हणजे वेगळंच काहीतरी होतं. इंग्रजी अर्धंच कळायचं तेव्हा. यंदा पहिल्या शंभर अंकांचे जाड खंड मागवले आणि महिनाभर रोज रात्री जेवण झालं की तेच वाचलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अल सिमन्स हा अमेरिकन सरकारसाठी माणसं मारणारा सैनिक, त्याचाच बॉस जेसन विन त्याचा खून करवतो, जाळून. एवढे खून करून गेलेला माणूस, नरकातच पोचतो. तिथे मेलबोल्जिया नावाच्या नरकाच्या राजाशी सौदा करतो की बायकोला, वांडाला, एकदा बघू दे, त्या बदल्यात तुझ्या सैन्यात येतो. स्पॉन होऊन परत येतो तेव्हा मधे पाच वर्षं गेलेली, अंग जळालेलं, आठवणी तुटक, आणि वांडानं त्याच्याच जिवलग मित्राशी, टेरीशी, लग्न केलंय, त्यांना सायन नावाची छोटी मुलगीही आहे. कुणाचीच चूक नाही हो यात, टेरी चांगला माणूस, वांडा चांगली बाई, आणि हा बाहेर अंधारात उभा. मला वाटतं सगळ्या सिरीजची ताकद इथे आहे.

सुरुवातीला जादूनं आपला जुना चेहरा परत आणायला जातो तर होतो काय, सोनेरी केसांचा गोरा माणूस! अल काळा आहे, म्हणजे नरकानं त्याला ताकद दिली पण स्वतःचं तोंड काही परत दिलं नाही. हे पान मी तेव्हा नुसतं उलटलं होतं, या वेळी बराच वेळ तिथेच थांबलो.

आणि तो आकडा. ९:९:९:९ पासून सुरू होतो, प्रत्येक वेळी जादू वापरली की कमी होतो, शून्य झाला की परत नरक. म्हणून हा इतका ताकदवान गडी साध्या बंदुका पळवून आणतो आणि त्यांनीच लढतो, कारण जादू खर्च करायची नाहीये. बाकी हिरो ताकद दाखवत फिरतात, हा ताकद जपून वापरतो, न्यूयॉर्कच्या एका घाणेरड्या गल्लीत बेघर लोकांच्यात बसून राहतो, आणि ते लोक त्याला आपलं मानतात. असा हिरो मी तोवर वाचला नव्हता.

पण मला सगळ्यात जास्त आवडतं ते ग्रॅनी ब्लेकचं पात्र. वांडाची आजी, म्हणजे नात्यानं अलची आजेसासू, आंधळी. ज्याला बघून लोक किंचाळतात त्याला ही म्हातारी ओळखते, तिला वाटतं अल देवदूत होऊन परत आलाय. आमच्या आज्जीला शेवटी मोतीबिंदूमुळे काही दिसायचं नाही, पण वाड्याच्या लाकडी जिन्यावर पाऊल वाजलं की ती नाव घेऊन हाक मारायची, कधी चुकली नाही. त्यामुळे ग्रॅनी ब्लेकची पानं मी एका बैठकीत वाचू शकलो नाही, खरंच सांगतो.

चित्रांबद्दल काय बोलायचं, स्पॉनचा निर्माता टॉड मॅकफार्लेन, त्यानं तो झगा असा काढलाय की तो वेगळं जनावरच वाटतो, आणि पुढे चित्रं काढायला ग्रेग कापुलो आला तेव्हा अंधार अजून दाट झाला, चेहरे पण जास्त बोलायला लागले.

आता जे खुपलं ते. पहिली गोष्ट म्हणजे शब्द. चित्र सगळं सांगतंय तरी वर चौकटी भरभरून निवेदन, तो एकटा आहे, तो दुःखी आहे, अहो दिसतंय ना आम्हाला! आणि एवढ्या शब्दांत वांडाला मात्र जागा नाही. अलसाठी ती सगळं काही आहे, पण तिला स्वतःला काय हवंय, पहिला नवरा गेल्यावर ती पाच वर्षं कशी जगली, हे जवळजवळ येतच नाही, खिडकीतून दिसणारी बाई एवढीच ती राहते. ज्या बाईसाठी माणूस नरकाशी सौदा करतो तिला इतकं कमी लिहिणं ही मला या सिरीजची सगळ्यात मोठी उणीव वाटते.

दुसरं म्हणजे बिली किनकेड. पाचव्या अंकात मुलांना मारणाऱ्या या माणसाला स्पॉन मारून लटकवतो. तेव्हा मी आणि भाऊ टाळ्या वाजवत होतो, आता घरात मुलगी आहे तरी ते समाधान मला फार स्वस्त वाटलं. आठव्या अंकात (१९९३) पाहुणा लेखक म्हणून अॅलन मूर आला आणि त्यानं तोच किनकेड नरकात जागा झालेला दाखवला, तिथे मात्र खरोखर अंगावर काटा येतो, कारण तिथे शिक्षेची मजा नाहीये, फक्त भीती आहे.

हे असं का होतं याचा विचार केला तर कारण मला मालकीत दिसतं. १९९२ मध्ये मॅकफार्लेन आणि अजून सहा चित्रकारांनी मोठ्या कंपनीचं काम सोडून इमेज कॉमिक्स काढलं, पात्र ज्यानं बनवलं त्याचंच राहील म्हणून. पहिला अंक सतरा लाखांच्या आसपास खपला. हे धाडस मला मनापासून आवडतं. पण स्वतःच मालक म्हटल्यावर इथे काप, इथे थांब, असं सांगणारं कोण उरतं? आणि वाईट याचं वाटतं की नवव्या अंकात लेखक नील गेमननं अँजेला हे पात्र आणलं, त्या पात्राच्या हक्कावरून पुढे त्याला मॅकफार्लेनविरुद्ध कोर्टात जावं लागलं, २००२ मध्ये ज्यूरीनं गेमनच्या बाजूनं निकाल दिला. निर्मात्याच्या हक्कासाठी उभ्या राहिलेल्या घरात हे व्हायला नको होतं.

आणि थांबणं तर नाहीच. २०१९ मध्ये ३०१ वा अंक आला, निर्मात्याच्या स्वतःच्या मालकीच्या कॉमिक्समध्ये सगळ्यात जास्त अंकांचा विक्रम झाला. आनंद आहे, पण गोष्टीचं काय? स्वर्गाचं राजकारण, नरकाचं राजकारण, एकामागून एक नवे राक्षस, आणि सुरुवातीला ज्या आकड्यावर जीव टांगलेला असायचा त्याचं महत्त्व हळूहळू संपून जातं. १०० व्या अंकात मेलबोल्जिया मरतो. मला वाटलं आता तरी पिंडाला कावळा शिवेल, पण नाही, अलला परत कुठेतरी ओढलंच. १८५ व्या अंकात (२००८) तो स्वतःच जीव देतो, झगा जिम डाउनिंग नावाच्या दुसऱ्याच माणसाकडे जातो, आणि २५० व्या अंकात अल पुन्हा हजर! दुःखाला शेवटच नसेल तर मग ते दुःख राहत नाही, त्याची सवय होते, वाचणाऱ्यालाही.

खंड संपलेत, पुढचे मोबाईलवर वाचतोय, सॅम आणि ट्विच या दोन डिटेक्टिव्हांसाठी, एक जाडा बडबड्या आणि दुसरा काडीसारखा शांत, ते दोघं आले की पानात जान येते. भावाला काल फोन करून विचारलं की तुझे ते तीन अंक कुठे आहेत, म्हणाला तुझ्याकडेच राहिले होते, तुमच्या वाड्यात, माळ्यावर. वाडा पडून अकरा वर्षं झाली.