किल्ली

आमच्या चाळीत वेळ कळायची ती गिरणीच्या भोंग्यावर. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि भोंगा थांबला. कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या त्या संपात जवळपास अडीच लाख कामगार होते. त्यांतले एक माझे वडील, आण्णा. साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. मी तेव्हा शाळेत नववीत होतो.

आण्णा माळकरी. तिन्हीसांजेला देवापुढे बसून हरिपाठ म्हणायचा हा त्यांचा नेम. आईच्या पाटल्या गेल्या, वाण्याची उधारी वाढली, नेम मात्र चुकला नाही. मला त्याचा राग यायचा. एकदा मी विचारलंच, "आण्णा, विठोबा देतो काय आपल्याला?" त्यांनी उत्तर दिलं नाही. पुढचा अभंग घेतला.

दहावीचं वर्ष सुरू झालं तेव्हा शाळा सुटल्यावर मी एका रेशनच्या दुकानात रॉकेल मोजायला जाऊ लागलो. पंपाने रॉकेल मापात पडलं की वर फेस येतो आणि माप भरल्यासारखं दिसतं. फेस बसला की रॉकेल बोटभर खाली असतं. "फेस बसायच्या आत ओतायचं," शेठने पहिल्याच दिवशी सांगितलं. रांगेत डबे घेऊन आमच्याच चाळीतल्या बाया उभ्या असत. त्यांचेही नवरे संपावर. मी ओतत राहिलो. दोन आठवडे ओतलं. घरात तेवढाच पगार येणार होता, हे माझं तेव्हाचं कारण, आणि ते खरंही होतं.

आषाढीला आण्णांबरोबर वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरात गेलो. रांगेत तीन तास काढले आणि मूर्तीसमोर आल्यावर माझी मान वर होईना. दुसऱ्या दिवशी मी फेस बसू दिला, माप भरून घेतलं, मग ओतलं. संध्याकाळी शेठने उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. घरी आईने डोळे पुसले. आण्णा एवढंच म्हणाले, "बस इथं," आणि शेजारी पाट सरकवला. त्या दिवसापासून मी हरिपाठाला बसायला लागलो.

गणिताच्या सरांना हे कुठून कळलं, मला आजही माहीत नाही. त्यांनी शाबासकी दिली नाही, किल्ली दिली. प्रयोगशाळेशेजारचा वर्ग रोज रात्री सात ते दहा अभ्यासाला उघडायचा आणि तो मी उघडायचा. दहा बाय बाराच्या खोल्यांतून वीसेक मुलं यायची. किल्ली खिशात असली की कंटाळा आला म्हणून घरी राहता येत नाही. भर पावसात, अंगात ताप असताना, आदल्या रात्री घरात फक्त कण्या शिजल्या असताना मी कुलूप काढलं. शिस्त मला कुणी समजावून सांगितली नाही. ती त्या कुलपाशी रोज सात वाजता पोचण्यातून आली.

विठोबाने आमची गिरणी सुरू केली नाही. आण्णा पुन्हा साच्यावर गेले नाहीत, वॉचमन झाले. पण मला जे मागायचं होतं ते गिरणीपेक्षा वेगळं होतं, हे त्या वर्षी कळलं. पुढे खरेदी खात्यात तीस वर्षं नोकरी केली. समोर पाकिटं आली, नाही म्हणताना हात थरथरलाही, पण मापावरचा फेस दिसायचा आणि पाकीट परत जायचं.

शेवटचा पेपर झाल्यावर सरांकडे किल्ली परत द्यायला गेलो. त्यांनी ती घेतली नाही. नववीतल्या एका मुलाचं नाव सांगून म्हणाले, "त्याला नेऊन दे." तो डिलाईल रोडला राहायचा. मी चालत गेलो.