आमची वाटचाल : पडदा पोटात घेतलेले टेबल

पुण्यात धायरीच्या आमच्या कारखान्यात आज प्रामुख्याने एकच वस्तू बनते : मधोमध टीव्हीचा पडदा आडवा बसवलेले, चहूबाजूंनी बसून खेळण्याचे सागवानी टेबल. या टेबलाचा सांगाडा मुळात शहरातल्या एका इंटिरियर शोरूमने बसवला असे बाजारात जे सांगितले जाते ते खरे नाही. म्हणून ही हकीकत एकदा सविस्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

धंदा वडिलांचा. दवाखान्यांची काउंटरे, कार्यालयांची टेबले, कपाटे अशी कामे आम्ही करत होतो. वडिलांच्या हाताखाली शिकलेले मिस्त्री आजही आमच्याकडे आहेत आणि वडिलांचा लोखंडी रंधाही रोजच्या वापरात आहे. 2016 मध्ये कोथरूडचे एक डॉक्टर, ज्यांच्या दवाखान्याचे फर्निचर आम्हीच केले होते, एक कागद घेऊन कारखान्यात आले. ते आणि त्यांचे मित्र दर शनिवारी डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा कल्पित पात्रांच्या भूमिका घेऊन टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ खेळत. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या या खेळात आजच्या रूढ पद्धतीनुसार नकाशावरचा एक इंचाचा चौकोन म्हणजे पाच फूट जमीन, आणि त्या चौकोनांवर धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या लहान आकृत्या सरकवायच्या. ही मंडळी आखलेल्या शीटवर मार्करने नकाशे काढत आणि पुसत. तोच नकाशा टेबलात बसवलेल्या पडद्यावर उमटावा, अशी डॉक्टरसाहेबांची इच्छा होती. अट मात्र त्यांनी वडिलांसमोर स्पष्टपणे मांडली : "काका, टीव्ही बंद असेल तेव्हा ते जेवणाचेच टेबल दिसले पाहिजे. घरात आई आहे, तिला हे यंत्र रोज डोळ्यांसमोर चालणार नाही."

आमच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया म्हणजे ही अट. टेबलाच्या कडेपासून पाच सेंटीमीटर खोल हौद, हौदाच्या तळाशी काच, काचेखाली पडदा आणि हौदावर बसणाऱ्या सुट्या सागवानी फळ्या ही रचना त्यातूनच आली. फळ्या घातल्या की जेवायला बसावे, काढल्या की खेळायला बसावे.

टीव्हीचे काम मला येत नव्हते. ते माझ्या मित्राला येत होते. सदाशिव पेठेत त्याचे टीव्ही दुरुस्तीचे छोटे दुकान होते आणि आमच्या या कामातला तोच पहिला भागीदार. टीव्हीला हात लावण्याआधी त्याने त्याची पाठ मला दाखवली : इलेक्ट्रॉनिक्स कुठे आहे, हवा बाहेर जाण्याच्या फटी कुठे आहेत, भिंतीवर टांगण्यासाठीची चार स्क्रूंची भोके किती अंतरावर आहेत. भिंतीवरच्या टीव्हीची गरम हवा आपोआप वर निघून जाते. तोच टीव्ही आडवा टाकला की उष्णता पॅनेलखालीच कोंडते. टीव्हीभोवती साधारण 10 सेंटीमीटर मोकळी जागा ठेवा असे माहितीपुस्तिका सांगतात, पण टेबलात तेवढी जागा सोडली तर खेळणाऱ्याच्या गुडघ्यांना जागा उरत नाही. तीस इंच म्हणजे 76 सेंटीमीटर उंचीच्या टेबलात पाच सेंटीमीटरचा हौद आणि सात-आठ सेंटीमीटरचा टीव्ही गेला की खाली जेमतेम 63 सेंटीमीटर राहतात, आणि त्यातले किमान 60 गुडघ्यांचे असतात. बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षात न येणारी खरी कारागिरी या तीन सेंटीमीटरांत आहे. आम्ही तळाला प्लाय लावणे बंद करून पत्र्याची जाळी लावली, दोन आडव्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला संगणकात असतात तसे 120 मिलिमीटरचे पंखे समोरासमोर बसवले, एक हवा आत घेणारा आणि एक बाहेर टाकणारा. 12 व्होल्टच्या पंख्याला थोडे कमी व्होल्टेज दिले की त्याचा आवाज खेळणाऱ्यांच्या बोलण्यात येत नाही. टेबल पोहोचवण्याआधी संपूर्ण दिवस पडदा चालू ठेवून पाठीचे तापमान मोजण्याचा नियम माझ्या भागीदाराने तेव्हा घातला आणि तो आम्ही आजतागायत मोडलेला नाही.

दुसरा प्रश्न लाकडाचा होता. सागवान सुकवलेले असले तरी पुण्याच्या पावसाळ्यात रुंदीकडून फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. टीव्हीची लोखंडी चौकट मात्र तेवढीच राहते. टीव्ही ज्या लोखंडी पट्ट्यांवर बसतो त्या लाकडात गच्च आवळून टाकल्या तर दोन-तीन ऋतूंत एक तर सांधा उघडतो किंवा टीव्हीच्या पाठीवर ताण येतो. म्हणून पट्ट्यांची भोके आम्ही गोल न ठेवता लांबट पाडतो, त्यामुळे लाकूड हलते आणि पडदा जागचा हलत नाही. पायांचे सांधे कुसू आणि खोबणीचेच, म्हणजे एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून, करतो, कारण स्क्रूवर उभे राहिलेले टेबल हलवाहलवीत सैल होते.

काचेची खाच हा माझ्या आवडीचा भाग आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. राऊटरने, म्हणजे लाकूड कोरणाऱ्या फिरत्या पात्याच्या यंत्राने, खाच मारली की तिचे चारही कोपरे गोल राहतात. ते पटाशीने हाताने चौकोनी करावे लागतात आणि तिथे घाई चालत नाही, कारण काच एकदा टफन झाली, म्हणजे तापवून मजबूत केली, की तिला नंतर कापता किंवा घासता येत नाही. म्हणजे लाकडानेच काचेच्या मापात यायचे. मिस्त्री पटाशी आधी दगडावर लावतात, कोपऱ्यात उभी धरून लाकडाच्या मोगरीने दोन हलके ठोके देतात, मग कागदाइतका पापुद्रा आडवा काढतात आणि काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहतात. काच पडद्याच्या जितकी जवळ तितके चांगले, कारण अंतर वाढले की बाजूला बसलेल्याला आकृती शेजारच्या चौकोनात उभी असल्यासारखी दिसते आणि खेळात त्यावरून वाद होतात. पण काच पडद्याला टेकताही कामा नये. म्हणून आम्ही कडेने पातळ रबरी पट्टी देतो.

त्या पहिल्या टेबलात 43 इंची पडदा होता. त्याची रुंदी साधारण 95 सेंटीमीटर आणि उंची साडेत्रेपन्न, म्हणजे एक इंचाचे 37 बाय 21 पूर्ण चौकोन. फोर-के पडद्यावर एका इंचात सुमारे 102 पिक्सेल येतात, हा आकडा सॉफ्टवेअरमध्ये दिला की पडद्यावरचा चौकोन खऱ्या पट्टीने मोजला तरी एक इंचच भरतो. डॉक्टरसाहेबांनी तो माझ्यासमोर पट्टी लावून मोजला आणि त्याच संध्याकाळी पूर्ण रक्कम दिली. पुढे आमचे निम्मे ग्राहक त्यांच्या ओळखीतून आले.

2018 मध्ये शहरातल्या एका इंटिरियर शोरूमच्या मालकांनी आमच्याकडून एक टेबल नमुना म्हणून मागवले, शोरूममध्ये ठेवून ग्राहक मिळवून देतो असे सांगितले आणि ते कित्येक आठवडे ठेवून घेतले. परत आले तेव्हा तळाची जाळी उघडून पुन्हा लावलेली होती, स्क्रूंच्या डोक्यांवर पान्याचे ताजे ओरखडे होते. काही महिन्यांनी त्यांनी तसेच दिसणारे टेबल आमच्यापेक्षा बऱ्याच कमी किमतीत बाजारात आणले आणि जाहिरातीत छायाचित्र आमच्या टेबलाचे वापरले. त्या छायाचित्रात काठाला सागाच्या रेषांमध्ये एक गाठ आहे. ती फळी मी स्वतः भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून निवडून आणलेली होती, त्यामुळे ओळखायला मला क्षणही लागला नाही. मी त्यांना भेटलो. "टेबल हे टेबल असते, त्यावर कोणाचे नाव लिहिलेले नसते," असे उत्तर मला मिळाले. ते वाक्य मी विसरलेलो नाही आणि विसरण्याचा माझा विचारही नाही. नमुना देताना लेखी पावती घ्यावी, तीत परत करण्याची तारीख आणि छायाचित्रांचा हक्क दोन्ही लिहावेत, असे मी लहान कारखानदारांना आग्रहाने सांगेन.

त्यांच्या टेबलात सागाऐवजी एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या, होते, काचेऐवजी ॲक्रिलिक आणि तळाला बंद प्लाय. ॲक्रिलिक वजनाला काचेच्या निम्मे असते, त्यामुळे वाहतूक स्वस्त पडते, पण मोठ्या मापात ते मध्ये झोल खाते, धातूच्या आकृत्यांनी त्यावर चरे पडतात आणि पॅनेलला टेकले की पडद्यावर रंगीत कडी दिसू लागतात. ग्राहकाला यातले काहीही दुकानात उभे राहून दिसत नाही. त्याला दिसते ती किंमत. 2019 हे पूर्ण वर्ष आमच्या चौकशा त्यांच्याकडे वळत राहिल्या.

म्हणूनच 2020 च्या जानेवारीत बोर्ड गेम खेळण्याची कॅफे काढणाऱ्या एका कंपनीने आम्हाला एकदम मोठी ऑर्डर दिली तेव्हा कारखान्यात पेढे वाटले गेले. आगाऊ रक्कम आली, ती सगळी सागवानात आणि टीव्हींमध्ये गेली, उरलेल्या मालासाठी कर्ज काढले. मार्चच्या 25 तारखेपासून देशभर टाळेबंदी लागली. कॅफे उघडल्याच नाहीत, आणि जूनमध्ये कंपनीने दोन ओळींत ऑर्डर रद्द केल्याचे कळवले. रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना ऑगस्टअखेरपर्यंत सवलत दिली होती, पण व्याज त्या काळातही वाढतच होते. टीव्ही खोक्यांत बंद होते आणि त्यांची वॉरंटी मात्र बिलाच्या तारखेपासून चालू झालेली होती. अर्धवट सांगाडे शेडमध्ये उभे होते, पावसाळा तोंडावर होता, आणि मिस्त्री रोज येऊन त्यांची प्लॅस्टिकची आवरणे उघडून त्यांना वारा देत. काम नसतानाही ते येत होते. त्या वर्षी भवानी पेठेतल्या आमच्या वखारवाल्यांनी एकदाही उधारीची आठवण केली नाही, हे इथे कृतज्ञतेने नोंदवतो.

घरून काम करणाऱ्यांसाठी साधी टेबले करून आम्ही पगार चालवले. माझ्या भागीदाराचे दुकान मात्र त्या काळात बंद पडले. भागीदारीतला आपला वाटा काढून घेण्याचा त्याला पूर्ण हक्क होता. तो काढून न घेता त्याने दुकानातली सोल्डरिंगची हत्यारे आणि मीटर उचलून धायरीला आणले आणि शेडच्या एका कोपऱ्यात आपले टेबल मांडले. आज जिथे पडद्यांची तपासणी होते तो हाच कोपरा.

सुटका झाली ती पुन्हा डॉक्टरसाहेबांमुळे. रुग्णालयातल्या पाळ्यांमधून वेळ काढून त्यांनी मुंबई आणि बंगळुरूच्या आपल्या खेळगड्यांना एकेकाला फोन करून आमचे काम सांगितले. याच काळात, 2020 च्या मे महिन्यात, फाउंड्री हे नकाशे चालवणारे सॉफ्टवेअर बाहेर आले होते आणि घरात अडकलेले खेळाडू पडद्यावर खेळायला सरावले होते. पुन्हा एकत्र बसता येऊ लागल्यावर त्यांना तोच नकाशा टेबलावर हवा होता. कॅफेसाठीचे मोठे सांगाडे आम्ही कापून घरगुती मापाचे केले आणि 2021 संपेपर्यंत शेड रिकामी झाली. कर्ज फिटले. त्यानंतरची वर्षे कामात गेली.

एक गोष्ट राहते. त्या शोरूमने विकलेली टेबले पुढे दुरुस्तीसाठी आमच्याकडे येऊ लागली : उष्णतेने पॅनेलवर डाग पडलेली, ओलीने एमडीएफच्या कडा फुलून स्क्रू सुटलेली. ती आम्ही दुरुस्त केली, कारण फसलेला तो ग्राहक होता. शोरूमने आता ही टेबले बनवणे बंद केले आहे, पण "महाराष्ट्रातील पहिले" हे शब्द त्यांच्या फलकावर अजूनही आहेत. दुसरीकडे डॉक्टरसाहेबांच्या टेबलातला मूळ टीव्ही गेल्या वर्षी आम्ही बदलला. चार बोल्ट सोडले, जुना उतरवला, त्याच पट्ट्यांवर नवा चढवला, काच आणि लाकूड यांना हात लावावा लागला नाही.

नवीन ऑर्डर देऊ इच्छिणाऱ्यांना विनंती आहे की सवलतीच्या मोहाने टीव्ही आधीच विकत घेऊ नये. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे थांबण्यात तोटा नाही. पॅनेल आयपीएस प्रकारचे, म्हणजे बाजूनेही नीट दिसणारे, आहे का ते विचारा, कारण टेबलाभोवती बसणारा कोणीही पडद्याकडे समोरून पाहत नाही, आणि व्हीए या दुसऱ्या प्रकारचे पॅनेल बाजूने फिके दिसते. केबलची तोंडे पाठीत सरळ न घुसता बाजूने घुसणारी असावीत, नाहीतर त्या तीन सेंटीमीटरांतली जागा केबलच खाते. रिमोटचा डोळा लाकडाआड जातो, त्याची जोडवायर आम्ही देतो. पडद्याला बोटाचा स्पर्श ओळखणारी चौकट बसवून देण्याचा आग्रह अनेक जण धरतात, पण ती चौकट आकृती आणि बाही यांनाही बोटच समजते, म्हणून आम्ही ती बसवत नाही. मॉडेलचा क्रमांक आणि पाठीचे छायाचित्र आधी पाठवा. माप आम्ही काढू, आणि ते निश्चित झाल्यावरच काच टफनिंगला जाईल.