बिनपायडलची सायकल

लेक पुण्याहून आली ती गाडीच्या डिकीत एक सायकल घालून. तीन वर्षांच्या नातीची. ओसरीवर उतरवून ठेवली तेव्हा आमच्या आईनं, म्हणजे नातीच्या पणजीनं, चष्मा पदराला पुसून दोनदा बघितलं आणि म्हणाली, "अगं माय, ह्याला पायडलच न्हाईत की! दुकानदारानं फसवलं का गं तुला?"

मलाही तेच वाटलं होतं, मी बोललो नव्हतो एवढंच. पायडल नाही, चेन नाही, ब्रेकसुद्धा नाही. बारा इंची दोन चाकं, एक हँडल आणि सीट इतकी खाली, की पोरीचे दोन्ही तळपाय जमिनीला सपाट टेकायचे. "बाबा, ही बॅलन्स बाईक. हिला पायडल नसतातच," लेक म्हणाली. मी किंमत विचारली. तिनं सांगितली. परभणीत एवढ्या पैशात पायडलवाली सायकल आली असती आणि वर वर्षभराची पंक्चरं निघाली असती.

आईनं मात्र तिढा सोडवून टाकला. "पांगुळगाडाच म्हण की!"

म्हणायला सोपं, पण ते तसं नव्हतं. पांगुळगाड्याला तीन चाकं. तो पुढं पळेल, लेकराला तोंडावर आपटवेल, पण आडवा कलत नाही. ही बया मात्र नुसती सोडली की आडवी. तिचा सगळा उपयोगच त्या आडवं होण्यात आहे, हे माझ्या ध्यानात यायला आठवडा गेला.

आमच्या वेळी लेकरांची सायकल नावाची वस्तूच नव्हती. सायकल म्हणजे मोठ्या माणसाची, काळी, आपल्या छातीला दांडी लागेल एवढी. तीही घरची नाही. सायकल मार्टवाल्या चाचांकडून तासाला आठ आण्यानं आणायची. चाचा वहीत आपलं नाव नाही, बापाचं नाव लिहायचे, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायचे आणि बजावायचे, "गिरा तो तू गिर, सायकल को नको गिरा." तासाच्या हिशोबात पडण्याचा वेळही मोजला जायचा, त्यामुळं पडलेलं पोरगं रडायच्या आधी उठायचं.

आता ती सायकल आम्ही शिकलो कशी? पहिले कित्येक दिवस सीटवर बसायचा प्रश्नच नव्हता. डावा पाय डाव्या पायडलवर ठेवायचा आणि उजव्या पायानं जमीन ढकलत पळायचं. टुक, टुक, टुक आणि मग क्षणभर दोन्ही पाय वर. तो क्षण हळूहळू लांबत जायचा. चार ढांगांना एक, मग दोन ढांगांना एक, मग एका ढांगेत थेट मारुतीच्या पारापर्यंत. ते जमलं की कैची. उजवा पाय दांडीच्या खालून त्रिकोणातनं पलीकडं घालायचा, उजवी काख सीटवर अडकवायची, डाव्या हातानं हँडल, आणि अंग एकीकडं, सायकल दुसरीकडं अशा अवस्थेत हाफ पायडल. पूर्ण फेरा नाहीच, नुसतं खाली-वर, कटक-कटक. मग फुल पायडल, मग दांडी, आणि शेवटी, टाचा उचलून का होईना, सीट. पावसाळ्यात ही शाळा बंद. काळी माती चाकाला अशी धरायची की मडगार्डात चाक घट्ट बसायचं. मग सायकल आपल्यावर. काडीनं माती खरवडत आणि सायकल खांद्यावर घेत घरी यायचं, आणि भाडं मात्र चालूच.

सांगायचं हे, की पायडल मारणं आमच्या अभ्यासक्रमात फार उशिरा आलं. आधी तोल. कुणी ठरवलेलं नव्हतं. लहान सायकल घ्यायला पैसे नव्हते म्हणून मोठीशी झटापट करताना तो क्रम आपोआप बरोबर पडला होता.

चुकवला तो आम्हीच, बाप झाल्यावर. लेक पाच वर्षांची झाली तेव्हा मी हौसेनं तिला लाल सायकल आणली, मागं दोन्ही बाजूंना छोटी चाकं असलेली. दोन वर्षं ती रुबाबात फिरली. मधेच एखाद्या खड्ड्यावर ती बाजूची चाकं दोन्हीकडं टेकायची आणि मधलं चाक अधांतरी. पोरगी पायडल मारायली, चाक फिरायलंय आणि सायकल जागेवरच! आमच्या गल्लीचा रस्ता तसल्या जागांसाठी प्रसिद्ध होता. मग एका रविवारी मी ती चाकं काढली, आणि कळलं की दोन वर्षांत ती सायकल शिकलीच नव्हती, तिचाकी शिकली होती. वाकून, मागून सीट धरून, पंधरा दिवस मी रस्त्यानं पळालो. ती एकच पालुपद म्हणायची, "बाबा, सोडू नका हं!" आणि मी "नाही सोडत" म्हणत सोडायचो. कंबर धरली ती आजतागायत पावसाळ्यात आठवण करून देते.

यात पोरीची काय चूक? तळहातावर काठी उभी धरायचा खेळ आठवा. काठी डावीकडं कलली की हात डावीकडं न्यायचा, काठीच्या बुडाखाली. सायकलीचं तेच आहे. अंग डावीकडं कललं की हँडल थोडं डावीकडं वळवायचं, म्हणजे चाकं सरकून पुन्हा आपल्या खाली येतात. ज्या बाजूला पडतोय त्याच बाजूला वळायचं, हे डोक्याला पटत नाही, अंगालाच शिकावं लागतं, आणि अंग ते फक्त कलल्यावर शिकतं. बाजूच्या चाकांची सायकल कलूच देत नाही. उलट वळणावर ती ऑटोसारखी अंगाला बाहेर फेकते. म्हणजे लेकराच्या अंगात जे मुरतं ते नेमकं उफराटं, आणि चाकं काढल्याच्या दिवशी आधी ते विसरायचं, मग खरं शिकायचं.

नातीची सायकल बघता बघता हे मला उलगडत गेलं. सकाळी सहाला, ऊन तापायच्या आत, आम्ही कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर जायचो. मला सवयीनं सीट धरायला वाकायचं होतं. लेकीनं पहिल्याच दिवशी दम दिला, "बाबा, धरायचं नाही. ढकलायचंही नाही. तिचं तिला करू द्या." मग माझ्याकडं काम उरलं पाण्याची बाटली धरायचं. पहिले दोन दिवस बाईसाहेब सायकल दोन पायांत धरून नुसत्या चालल्या, सीटला टेकल्यासुद्धा नाहीत. मग टेकून चालल्या. मग ढांगा लांबल्या. फिरायला येणारे थांबून विचारायचे, "काका, पायडल तुटले का?" रोज वेगळं उत्तर देऊन मी करमणूक करून घेत होतो. ब्रेक नसल्यानं थांबायचं ते पाय घासून, त्यामुळं आठवड्यात एका बुटाचं नाक झिजलं. खर्चात हेही धरावं.

आणि मजा बघा, ही काही पुण्याची नवी फॅशन नाही. सायकल जन्मालाच बिनपायडलची आली. जर्मनीत मानहाइम नावाच्या गावी कार्ल फॉन ड्राइस नावाचा जंगलखात्याचा साहेब होता. १२ जून १८१७ रोजी तो दोन चाकांच्या लाकडी गाडीवर टांग टाकून बसला आणि पायांनी जमीन ढकलत श्वेत्सिंगनच्या वाटेनं जाऊन तासाभराच्या आत परतही आला, येऊन-जाऊन तेरा-एक किलोमीटर. गाडीचं वजन वीस किलोच्या वर. त्यानं तिला 'पळायचं यंत्र' म्हटलं, कारण माणसानं तिच्यावर बसून पळायचंच होतं. पायडल आले १८६० नंतरच्या वर्षांत, पॅरिसला, तेही पुढच्या चाकाला. आणि चेननं मागचं चाक फिरवणारी, आपल्या ओळखीची सायकल इंग्लंडात स्टार्ली यानं १८८५ साली बाजारात आणली. म्हणजे पाय जमिनीवरनं उचलून चेनवर यायला शहाण्यासुरत्या मोठ्या माणसांना अडुसष्ट वर्षं लागली. नातीला मी पंधरा दिवस द्यायला तयार होतो.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही कारण नसताना छाती काढून म्हणत आलो. दोघांचा संबंध काय, हे कुणी विचारलं की विषय बदलायचो. आता माझ्याकडं निदान एक उत्तर आहे. एका पायानं जमीन ढकलत पळणारं आमचं सायकल मार्टचं पोरगं आणि तो मानहाइमचा साहेब, दोघं एकाच शाळेतले.

शेजारचं पाच वर्षांचं पोरगं रोज आशाळभूतपणे नातीच्या सायकलीकडं बघायचं. त्याच्याकडं बाजूच्या चाकांची होती. मी म्हटलं, नवीन कशाला, हिचेच पायडल काढू, बाजूची चाकं काढू, सीट खाली करू, झालं. उजवं पायडल निघालं. डावं काही केल्या हलेना. पाना घसरला, बोट सोललं, मी इरेला पेटून आणखी जोर लावला. शेवटी सायकल उचलून दुकानात नेली. मेकॅनिकनं बघितलं आणि हसला. "काका, तुम्ही काढायला नाहीत, आवळायलात." डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवलं की सुटतं. सरळ आट्याचं असतं तर पायडल मारता मारताच हळूहळू ढिलं होऊन गळून पडलं असतं. पन्नास वर्षं सायकल चालवून मला हे ठाऊक नव्हतं. त्यानं पैसेही घेतले नाहीत, ते जास्त लागलं.

परभणीत उतार शोधावा लागतो, इतकी जमीन सपाट. कालव्यावरच्या छोट्या पुलाचा एक उतार सापडला, दहा-बारा पावलांचा. बाराव्या का तेराव्या दिवशी दोन्ही लेकरं तिथं उभी केली. नातीनं दोन ढांगा टाकल्या आणि पाय वर घेतले. दोन्ही. सायकल डावीकडं कलली, हँडल तिकडं वळलं, सायकल सावरली, मग उजवीकडं, मग सरळ. मी आकडे मोजत होतो, सातावर विसरलो. खाली जाऊन तिनं पाय घासत गाडी थांबवली आणि मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. "सोडू नका" म्हणायला कुणी धरलेलंच नव्हतं. शेजारचं पोरगं अर्ध्यात आडवं झालं, उठलं, गुडघ्याची धूळ झटकून पुन्हा वर चढायला लागलं.

घरी आलो. ओसरीच्या कोपऱ्यात माझी जुनी सायकल उभी असते, त्या काळ्या सायकलींच्या खानदानातली शेवटची. नात तिच्यापाशी उकिडवी बसली. पायडल हातानं फिरवून बघितलं, चेनचं काळं बोटाला लागलं ते फ्रॉकला पुसलं.

"आबा, तुमच्या सायकलला हे काय लागलंय?"

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली, "काढून टाका ना. मग तुम्हालापण येईल."