निखाऱ्यावरचं जेवण

आज घरचे सगळे मिळून बार्बेक्यू खायला गेलो. जागा साधीच, पण शेगडीपुढचा माणूस कामात मुरलेला. निखाऱ्यांवर पांढरी राख धरल्याशिवाय त्याने जाळीवर काही ठेवलंच नाही! चरबीचा थेंब खाली पडला की चर्र आवाज, धुराचा लोट, आणि तोच वास मांसात भिनायचा. चिवट तुकडे त्याने कडेच्या मंद आचेवर सरकवले. ७० अंशांच्या वर बराच वेळ राहिलं की मांसातल्या कोलॅजनचं, म्हणजे चिवट तंतूंचं, मऊ जिलेटिन होतं, म्हणून ते मऊ पडतं. घाईला तिथे जागाच नाही. पोटात कावळे ओरडत होते, पण पहिल्या घासाला सगळं टेबल गप्प झालं. शेवटचा खरपूस तुकडा बाबांनी न बोलता माझ्या ताटात सरकवला.