अटॅकनंतरची शस्त्रक्रिया नेमके काय दुरुस्त करते?

मिरजेतील माझ्या दवाखान्यात जतपासून शिराळ्यापर्यंतचे नातेवाईक हमखास विचारतात, “डॉक्टर, बायपास केल्यावर अटॅकने खराब झालेला भाग पहिल्यासारखा होईल ना?” तुम्हीही विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेलेला स्नायू बायपासने जिवंत होत नाही. पायातील शीर किंवा छातीतील धमनी जोडून अडथळ्याच्या पुढे रक्त पोहोचवले जाते आणि त्याचा लाभ रक्ताअभावी मंदावलेल्या, पण अजून जिवंत असलेल्या स्नायूलाच होतो. (इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, कागदावर ‘ईएफ ३०’ पाहून ‘हृदय तीस टक्केच उरले’ असे गावभर सांगितले जाते. पण ईएफ म्हणजे डाव्या कप्प्यातील रक्तापैकी दर ठोक्याला किती टक्के बाहेर फेकले जाते तो आकडा, आणि निरोगी हृदयाचा हा आकडाही ५५ ते ७०च्या आसपासच असतो.)

दुरुस्ती म्हणावी अशा शस्त्रक्रिया निराळ्या. अटॅकनंतरच्या पहिल्या काही दिवसांत झडपेला धरून ठेवणारा स्नायू तुटला, तर रक्त उलटे फिरून फुप्फुसांत पाणी साठते. तेव्हा झडप तातडीने बदलावी किंवा दुरुस्त करावी लागते. खालच्या दोन कप्प्यांमधील पडदा फाटला, तर प्रश्न अधिक बिकट होतो. तो शिवल्याची पहिली नोंद अमेरिकेतील डेंटन कूली व सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये केली. तरीही ही शस्त्रक्रिया आज अत्यंत जोखमीची मानली जाते, कारण ताज्या जखमेच्या कडांना टाका घालणे म्हणजे लोण्याला टाका घालणे. काही आठवड्यांत व्रण घट्ट होतो, म्हणून रक्तदाब टिकून असेल तर सर्जन थांबतात. नातेवाईकांना ती चालढकल वाटते. मात्र ज्याची प्रकृती ढासळत आहे, त्याच्या बाबतीत थांबण्याची सोयच नसते, आणि अशांपैकी बरेच जण शस्त्रक्रियेनंतरही वाचत नाहीत, हे मी आधीच सांगतो.

तिसरा प्रकार व्रणाच्या जागी आलेल्या फुगवट्याचा. मोनॅकोचे व्हिन्सेंट डोर यांनी तो आतून पॅच लावून वगळण्याची पद्धत रूढ केली. पुढे ‘स्टिच’ या १००० रुग्णांच्या अभ्यासात (२००९) नुसती बायपास आणि बायपाससोबत हृदयाला आकार देणे यांची तुलना झाली. हृदय लहान झाले, पण मृत्यू किंवा हृदयविकारामुळे पुन्हा भरती होणे कमी झाले नाही. त्यामुळे सरसकट ती शस्त्रक्रिया मी सुचवत नाही. फुगवटा मोठा असेल आणि त्यामुळे दम लागत असेल किंवा ठोके बिघडत असतील, तरच तिचा विचार करावा.

पुण्या-मुंबईला दुसरे मत घ्यायला जाताना इकोच्या कागदाबरोबर अँजिओग्राफीची सीडीही न्यावी आणि जिवंत स्नायू किती आहे, झडप गळते का, हे आधी विचारावे.